वरची बाल्कनी की खालची खिडकी? सासूबाईंना घेऊन क्रूझला निघताना

वाचकाचं पत्र: आम्ही नाशिकला इंदिरानगरमध्ये राहतो. जानेवारीत मुंबईहून सुटणाऱ्या ५ रात्रींच्या क्रूझला जायचं ठरतंय. गोवा, लक्षद्वीप आणि परत मुंबई. मी, मिस्टर, ९ वर्षांचा मुलगा आणि ६८ वर्षांच्या सासूबाई. सासूबाईंना बीपी आणि शुगरच्या गोळ्या चालू आहेत, गुडघे दुखतात आणि कसारा घाटात त्यांना हमखास गाडी लागते. एजंट म्हणतो, सगळ्यात वरच्या मजल्यावर पुढच्या बाजूची बाल्कनीची खोली घ्या, व्ह्यू एक नंबर. पैसे भरायला चार दिवस आहेत. ती खोली घ्यावी का? आणि बोट लागू नये, हाल होऊ नयेत म्हणून काय तयारी करावी?

उत्तर:

ताई, चार दिवस हातात आहेत हे फार बरं झालं. तुमच्या सहलीतलं निम्मं सुख त्या खोलीच्या जागेवर ठरणार आहे. एजंटने सुचवलेली खोली घेऊ नका.

कारण सांगतो. लाटांवर जहाज दोन तऱ्हांनी हलतं. एक, त्याची नाळ, म्हणजे पुढचं टोक, वर-खाली होते. दुसरं, ते डावी-उजवीकडे कलतं. बागेतला सी-सॉ डोळ्यांसमोर आणा. फळीच्या टोकाला बसलेलं मूल हातभर वर जातं आणि मधल्या खुंटीजवळ फळी जेमतेम हलते. डावी-उजवीकडचा डोल झाडासारखा असतो, शेंडा जितका झुलतो तितका बुंधा झुलत नाही. म्हणजे सगळ्यात पुढची आणि सगळ्यात वरची खोली ही दोन्ही हिशोबांनी जास्तीत जास्त हलणारी जागा. मोठ्या जहाजांना पाण्याखाली पंखांसारखे स्टॅबिलायझर असतात, पण ते मुख्यतः डावी-उजवीकडचा डोल कमी करतात. नाळेच्या उठबशीवर त्यांचा फारसा इलाज चालत नाही.

घाटात गाडी लागणाऱ्या माणसाला घेऊन जाताना खोली जहाजाच्या लांबीच्या मधोमध आणि प्रवाशांच्या मजल्यांपैकी खालच्या दोन-तीन मजल्यांवर हवी. तिथे बहुधा बाल्कनी मिळत नाही, न उघडणारी खिडकी मिळते. ती चालेल. खिडकी मात्र हवीच. आतल्या बिनखिडकीच्या खोल्या स्वस्त असतात, पण त्यांत दिवस उजाडलेला कळत नाही आणि मळमळायला लागल्यावर नजर टेकवायला क्षितिज नसतं. उरलेल्या पैशांचं काय करायचं ते पुढे येईलच.

एजंटकडून जहाजाचा डेक प्लॅन, म्हणजे मजल्यांचा नकाशा, मागून घ्या. तुमच्या खोलीच्या वर आणि खाली काय आहे, हे त्यावर बोट ठेवून बघा. वरही खोल्या, खालीही खोल्या, ही सगळ्यात शांत जागा. वर स्विमिंग पूलचा डेक असेल तर पहाटे खुर्च्या ओढण्याचा खरखराट ऐकू येतो आणि खाली थिएटर किंवा डान्स फ्लोअर असेल तर रात्री एकपर्यंत धडधड. लिफ्ट चार-पाच दारं लांब असू द्या. सासूबाईंच्या गुडघ्यांना तेवढं चालणं जमेल आणि लिफ्टसमोरचा गलका टळेल. प्लॅनवर कोऱ्या, नाव नसलेल्या चौकटी दिसतात. तिथे अनेकदा पॅन्ट्री किंवा कर्मचाऱ्यांच्या ये-जा करण्याच्या जागा असतात, त्यांना लागून असलेली खोलीही टाळा.

चौघं एकाच खोलीत राहणार असाल तर तिसरी-चौथी झोपायची जागा भिंतीतून किंवा छतातून खाली येणारा बर्थ असतो, रेल्वेच्या अप्पर बर्थसारखा. मुलगा तिथे आनंदाने झोपेल. खालचे दोन बेड जोडलेले असतील, तर बुकिंगच्या वेळीच "वेगळे करून द्या" असं लिहून घ्या. परवडत असेल तर आमचं स्पष्ट मत असं की, बाल्कनीवर जाणारा पैसा शेजारशेजारच्या दोन साध्या, खिडकीच्या खोल्यांवर घाला. बाथरूमच एवढंसं असतं की सकाळी चौघांच्या आंघोळी म्हणजे तास-दीड तास. शिवाय बाथरूमच्या दाराला उंच उंबरा असतो. आंघोळीसाठी प्लास्टिकचं स्टूल मिळेल का, हे आधी विचारा. अनेक जहाजांवर ते मागितल्यावर देतात, आपणहून कुणी आणून ठेवत नाही.

आता बोट लागण्याबद्दल. कानाच्या आतला तोलाचा अवयव मेंदूला सांगतो की आपण हलतोय आणि डोळे समोरची स्थिर भिंत बघून सांगतात की नाही, सगळं जागच्या जागी आहे. या दोन साक्षी जुळेनात की मळमळ सुरू होते. म्हणून मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेल्या माणसाला आधी त्रास होतो. सासूबाईंना पहिली जांभई, तोंडाला पाणी सुटणं, कपाळावर गार घाम दिसला की लगेच उघड्या डेकवर मधोमध न्या, खुर्चीत बसवा आणि क्षितिजाच्या रेषेकडे बघायला सांगा. खोलीतच असतील तर डोळे मिटून उताणं पडू द्या. डोळे मिटले की दुसरी साक्षच बंद होते.

गोळीचं गणित वेळेवर आहे. उलटी सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटात टिकत नाही. मेक्लिझीन किंवा प्रोमेथाझीन ही नेहमीची औषधं. ती निदान तासभर आधी, म्हणजे जहाज धक्का सोडण्यापूर्वी घ्यायची असतात. पण ही औषधं झोप आणतात, तोंड कोरडं पाडतात आणि काचबिंदू असणाऱ्यांना किंवा प्रोस्टेट वाढलेल्यांना ती सहसा देत नाहीत. तुमच्या सासूबाईंना आधीच बीपीची गोळी आहे, वर ही गुंगी आणि पायाखाली हलणारी जमीन. पडण्याचा धोका इथेच असतो. म्हणून निघण्याच्या दोन आठवडे आधी त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांना विचारून औषध आणि मात्रा ठरवा आणि एक गोळी घरीच, एखाद्या रविवारी, देऊन बघा. किती गुंगी येते ते कळलेलं बरं. मुलाची मात्रा वेगळी असते, मोठ्यांची गोळी अर्धी करून देऊ नका.

डॉक्टरांना आणखी एक प्रश्न विचाराच: "उलट्यांमुळे जेवण झालं नाही तर शुगरची गोळी घ्यायची की नाही?" काही गोळ्या अशा असतात की पोटात अन्न नसताना घेतल्या की साखर झपकन खाली येते, आणि काहींना ती अडचण नसते. त्यांच्या गोळीसाठी काय ते कागदावर लिहून घ्या. पर्समध्ये ग्लुकोजच्या गोळ्या किंवा साखरेच्या पुड्या ठेवा.

उपाशीपोटी बोट जास्त लागते आणि तट्ट पोटावरही लागते. दर दोन-तीन तासांनी थोडं कोरडं काही: मारी बिस्कीट, टोस्ट, सफरचंदाच्या फोडी. आल्याने काहींना बरं वाटतं. मुलासाठी आलेपाक घ्या. सासूबाईंना साखर नको, त्यांना आल्याचे पातळ काप लिंबू पिळून चघळायला द्या. जानेवारीत अरबी समुद्र बहुधा शांत असतो, पावसाळ्यासारखे हेलकावे नसतात. तरी पहिल्या रात्रीसाठी ही तयारी हवीच. शरीराला डोलाची सवय व्हायला एक-दोन दिवस लागतात. उतरल्यावर घरातली फरशीसुद्धा दिवसभर हलल्यासारखी वाटते, त्याला घाबरू नका.

नाशिकहून निघताना कसारा घाटच टाळता येतो. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाला. इगतपुरीजवळच्या सुमारे ८ किलोमीटरच्या बोगद्यातून गाडी खाली उतरते आणि घाटातली वळणं लागत नाहीत. सकाळी घाटात उलटी झालेली बाई संध्याकाळी जहाजावर ताजीतवानी असेल अशी अपेक्षा धरता येत नाही, म्हणून हा रस्ता निवडा. आमणेपासून पुढे भिवंडी-ठाण्याच्या कोंडीसाठी दोन तास जादा धरा. ट्रेनने जायचं तर पंचवटी एक्स्प्रेस सीएसएमटीला अकराच्या सुमारास पोचवते आणि तिथून बॅलार्ड पिअरचं क्रूझ टर्मिनल टॅक्सीने दहा-पंधरा मिनिटांवर. जहाज संध्याकाळचं असेल तर ते पुरतं. दुपारचं असेल तर पंचवटीच्या भरवशावर राहू नका, आदल्या रात्री मुंबईत मुक्काम करा. चेक-इनची खिडकी जहाज सुटण्याच्या बरीच आधी बंद होते, त्यासाठी तिकिटावर दिलेली वेळच बघा.

टर्मिनलवर मोठ्या बॅगा टॅग लावून तुमच्याकडून घेतल्या जातात आणि खोलीच्या दारात काही तासांनी येतात, कधी रात्रीच्या जेवणानंतर. पहिल्यांदा जाणारे इथे अडकतात. मुलाचा पोहण्याचा ड्रेस बॅगेत, बॅग जहाजाच्या पोटात, आणि पूल समोर. एक हँडबॅग वेगळी भरा: चौघांची मूळ ओळखपत्रं (मोबाइलमधला फोटो धरून चालू नका), सगळी औषधं मूळ पाकिटात चिठ्ठीसह, चार्जर, पोहण्याचे कपडे, एक कपड्यांचा जोड, सासूबाईंची शाल. लक्षद्वीपला उतरायला परवाना लागतो आणि तो तुमच्या कागदपत्रांवरून आधीच काढावा लागतो. नावाचं स्पेलिंग आधार कार्डावर आहे तसंच बुकिंगवर आहे ना, हे या चार दिवसांतच तपासा.

सामानात काय नको ते आधी. इलेक्ट्रिक किटली, इस्त्री, इंडक्शन, पाणी तापवायचा रॉड, उदबत्ती, निरांजन, यातलं काहीही नेऊ नका. समुद्रात आग ही सगळ्यात मोठी भीती असते, त्यामुळे तपासणीत या वस्तू काढून घेतात. सासूबाईंची रोजची पूजा असेल तर बॅटरीवरची पणती आणि छोटी तसबीर पुरेल. सर्ज प्रोटेक्टर असलेला एक्स्टेन्शन बोर्डही चालत नाही. दारूची बाटली, मग ती आपल्या नाशिकची वाइन का असेना, सहसा वर नेऊ देत नाहीत, किंवा ठेवून घेऊन शेवटच्या दिवशी परत देतात.

आणि काय हवं? चुंबकाचे सहा हुक. खोलीच्या भिंती बहुतेक वेळा पत्र्याच्या असतात, त्यावर हुक चिकटतात आणि टोप्या, पर्स, ओले टॉवेल टांगायची सोय होते. मेन रोडवरच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतील. एक युनिव्हर्सल अॅडाप्टर, कारण आपली तीन पिनची प्लग जहाजावर बसेलच असं नाही. रात्रीसाठी छोटा बॅटरीचा दिवा, सासूबाई उठल्या तर उंबरा दिसायला. मागून पट्टा असलेल्या रबरी सँडल, प्रत्येकाला एक. नाशिकच्या कोरड्या हवेतून गेल्यावर तिथला दमटपणा जाणवतो. रात्री धुतलेला कॉटनचा कुर्ता सकाळीही ओलाच असतो, म्हणून पातळ, लवकर वाळणारे कपडे घ्या. उघड्या डेकवर वारा पदर ठरू देत नाही, सासूबाईंच्या साडीसाठी सेफ्टी पिना जास्त ठेवा. थिएटरमधला एसी मात्र नाशिकच्या थंडीची आठवण करून देईल, शाल तिथे लागते.

खोलीत शिरल्यावर मुलाला दोन गोष्टी समजावा. टॉयलेट व्हॅक्यूमवर चालतं, झाकण लावून बटण दाबायचं, आणि ओला वाइप, डायपर, केसांचा गुंता काहीही त्यात टाकायचं नाही. एकाने तुंबवलं तर शेजारच्या खोल्यांचंही बंद पडतं. दुसरं, जहाजावरची दारं जड असतात आणि वाऱ्याच्या झोताने आपटतात. बोटं चौकटीत जाण्याचे अपघात तिथेच होतात. हँडल धरूनच उघडायचं आणि हँडल धरूनच लावायचं.

सुरक्षेचा सराव जहाज सुटण्याआधी किंवा सुटताच घ्यावाच लागतो, तो चुकवता येत नाही आणि चुकवूही नये. सात छोटे भोंगे आणि एक लांब भोंगा, ही आणीबाणीची खूण. तुमचं जमण्याचं ठिकाण कुठे आहे ते सासूबाईंना हात धरून जिन्याने एकदा दाखवा, कारण त्या वेळी लिफ्ट वापरायची नसते. मुलाच्या मापाचं लाइफ जॅकेट खोलीत नसेल तर पहिल्याच दिवशी मागून घ्या.

खर्चाचं थोडक्यात. जहाजावर रोख चालत नाही, सगळं खोलीच्या कार्डावर चढतं. त्यासाठी डेबिट कार्ड देऊ नका. बँक अनामत म्हणून रक्कम अडकवून ठेवते आणि ती सुटायला उतरल्यावरही काही दिवस लागतात. क्रेडिट कार्ड द्या. तिकिटात साधारणपणे राहणं, मुख्य जेवण आणि कार्यक्रम येतात. कोल्ड्रिंक, वाय-फाय, लाँड्री, स्पा, फोटो, खास रेस्टॉरंट आणि किनाऱ्यावरच्या सहली वेगळ्या. कशात काय येतं ते एजंटकडून लेखी घ्या. दुसऱ्या दिवशीच रिसेप्शनवरून बिलाचा कागद काढून बघा. चूक असेल तर तेव्हा दुरुस्त होते, शेवटच्या सकाळी तिथे लांब रांग असते. जहाज सुटताच सगळे मोबाइल फ्लाइट मोडवर टाका. किनारा मागे पडला की फोन जहाजावरचं सॅटेलाइट नेटवर्क पकडतो आणि त्याचा दर डोळे पांढरे करणारा असतो.

जेवणाची काळजी फारशी करू नका, भारतीय प्रवाशांच्या जहाजावर शाकाहारी भरपूर असतं. जैन किंवा कमी मिठाचं हवं असेल तर बुकिंगमध्ये लिहा आणि पहिल्या संध्याकाळी रेस्टॉरंटच्या मॅनेजरला प्रत्यक्ष सांगा. लोणचं, पापड, सूप, चीज यांतून मीठ गुपचूप वाढतं, बीपीसाठी तेवढ्यावर लक्ष ठेवा. मध्ये उपवास येत असेल तर साबुदाण्याच्या भरवशावर राहू नका. फळं, दूध, दही, उकडलेला बटाटा मिळेल, राजगिऱ्याचे सीलबंद लाडू विचारून न्या. चढल्याबरोबर सगळे बुफेकडे धावतात. त्या वेळी मुख्य डायनिंग हॉल उघडा असेल तर तिथे निवांत टेबल मिळतं. जेवणापूर्वी हात साबणाने २० सेकंद धुवा. जहाजावर पसरणाऱ्या नोरोव्हायरसच्या जुलाब-उलट्यांवर सॅनिटायझर फारसा चालत नाही, साबण-पाणीच लागतं.

लक्षद्वीपबद्दल सासूबाईंना आधीच नीट सांगून ठेवा. मोठं जहाज बेटाला लागत नाही, समुद्रात नांगर टाकतं आणि छोट्या बोटींतून किनाऱ्यावर नेतात. ती बोट जहाजाच्या कडेला फूट-दोन फूट वर-खाली होत असते. उतरताना दोन्ही हात मोकळे हवेत, पिशवी पाठीवर. खलाशाला हात देऊ नका, मनगटाच्या वर धरू द्या आणि तुम्हीही त्याचं मनगट धरा. ओला तळहात निसटतो, मनगटाची पकड निसटत नाही. बोट वर येऊन क्षणभर थबकते तेव्हा खलाशी "आता" म्हणतो. त्याच क्षणी एक पाऊल टाकायचं, उडी नाही. एक पाय जहाजावर, एक बोटीत असं रेंगाळायचं तर मुळीच नाही. सासूबाईंचे गुडघे घरचा जिना धरून चढण्याइतके चांगले असतील तर जमेल. नसेल तर जहाजावर थांबण्यात काही कमीपणा नाही. त्या दिवशी जहाज रिकामं असतं, डेकच्या सावलीत खुर्ची मिळते आणि फिकट निळा ते गर्द निळा असा पाण्याचा रंग तिथूनही दिसतो. लाटा वाढल्या तर कॅप्टन उतरणं रद्दही करतो, तेवढी मनाची तयारी असू द्या.

बेटावर जाणाऱ्यांनी शंभर-पाचशेच्या नोटा जवळ ठेवा, नेटवर्कअभावी यूपीआय अडतं. सनस्क्रीन एसपीएफ ३० किंवा जास्त, दर दोन तासांनी आणि पाण्यातून आल्यावर पुन्हा. पाण्यावरून परावर्तित होणारं ऊन टोपीखालूनही लागतं. प्रवाळावर पाय ठेवायचा नाही, तो पायही कापतो आणि स्वतःही मरतो. मुलाला किनाऱ्यावर पडलेला पांढरा प्रवाळ खिशात घालावासा वाटेल. प्रवाळाला वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे, मेलेला तुकडाही आणायचा नाही. काही शंखही त्याच कायद्यात येतात, म्हणून शंख-शिंपलेही तिथेच राहू द्या, फोटो काढा.

दिवसभराच्या कार्यक्रमांचा कागद रोज खोलीत येतो. त्यातल्या दोनच गोष्टींवर खूण करा. सकाळी सहाच्या सुमारास जहाजाच्या मधल्या डेकवर फारसं कुणी नसतं. सासूबाई घरी पहाटे उठत असतील तर त्यांना चहाचा कप देऊन तिथे बसवा. मुलगा उठेपर्यंत तो तास तुम्हा दोघींचा.

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा मध्यरात्रीपूर्वी दाराबाहेर ठेवायला सांगतात आणि त्या थेट टर्मिनलवर मिळतात. सकाळी घालायचे कपडे, चपला, दातांचे ब्रश, सासूबाईंच्या सकाळच्या गोळ्या आणि आधार कार्डं काढून ठेवल्याशिवाय चेन लावू नका. परतीची पंचवटी संध्याकाळची असते आणि जहाज बहुधा सकाळीच रिकामं करतात, तेव्हा दुपारच्या गाडीची तिकिटं आताच बघून ठेवा.